पाळी जाताना: अंगात काय होतं आणि आपण काय काय करायचं

रात्रीचे दोन वाजलेले, पंखा पाचवर, आमचे हे गोधडी गुंडाळून गाढ झोपलेले, आणि मी बाहेरच्या पायरीवर बसून ओढणीने वारा घेतेय. गाऊन पाठीला चिकटलेला, छातीत धडधड. सलग तिसऱ्या रात्री हेच झालं तेव्हा मला वाटलं हे हार्टचंच आहे. सकाळी जाऊन ईसीजी काढला, नॉर्मल आला, तिथल्या डॉक्टरांनी ॲसिडिटीची गोळी दिली आणि टेन्शन घेऊ नका म्हणाले. मी तेव्हा ४५ ची होते, पाळी कधी बावीस दिवसांनी यायची कधी दोन महिन्यांनी, आणि या दोन गोष्टी एकमेकींशी जोडलेल्या आहेत हे मला कुणी म्हणजे कुणीच सांगितलं नाही, आईने नाही, जाऊबाईंनी नाही, डॉक्टरांनी पण नाही. पुढची दोन वर्षं मी नुसती चाचपडत काढली. मी डॉक्टर नाही, शाळेत शिकवते, पण त्या दोन वर्षांत आणि नंतर जे वाचलं, चांगल्या डॉक्टरांना विचारून विचारून समजून घेतलं आणि स्वतः करून बघितलं ते सगळं इथे सविस्तर लिहितेय, कारण माझ्या वयाच्या बायका अजूनही "होतंच गं या वयात" म्हणून गप्प बसतात आणि अंगावर काढतात.

आधी काय होतंय ते समजून घ्या

दुसरं काही कारण नसताना सलग १२ महिने पाळी आली नाही की मेनोपॉज झाला असं धरतात. म्हणजे ही तारीख मागे वळून मोजायची असते, त्या दिवशी कळत नाही. आपल्याकडे भारतात हे साधारण ४६-४७ व्या वर्षी होतं. इंटरनेटवर बरीचशी माहिती पाश्चात्य देशातली असते, तिथे सरासरी ५१ आहे, ते वाचून आपल्या बायका म्हणतात मला अजून पाच-सहा वर्षं आहेत, आणि त्रास मात्र आधीच सुरू झालेला असतो. ४५ च्या आत पाळी गेली तर ती लवकर गेली, आणि ४० च्या आत गेली तर फारच लवकर, तिथे घरी बसून चालत नाही, उपचार लागतात, ते पुढे सांगते.

पाळी कायमची थांबण्याआधीची चार-पाच वर्षं, कुणाकुणाला आठ वर्षंसुद्धा, हीच खरी गडबडीची असतात. अंडाशयातली बीजं संपत आलेली असतात. सगळ्यांना वाटतं इस्ट्रोजेन, म्हणजे बायकांचं मुख्य हार्मोन, हळूहळू कमी होत जातं, पण तसं सरळ ते उतरत नाही, वरखाली हेलकावे खातं, एखाद्या महिन्यात तर पूर्वीपेक्षा जास्त होतं. आणि बीज दर महिन्याला सुटत नसल्यामुळे अस्तर आवरून धरणारं दुसरं हार्मोन, प्रोजेस्टेरॉन, तयार होत नाही, मग गर्भपिशवीचं आतलं अस्तर जाड जाड होत राहतं आणि पाळी आली की धो धो जातं, गाठी पडतात. इस्ट्रोजेनचं काम फक्त पाळीपुरतं नसतं, मेंदू, हाडं, रक्तवाहिन्या, त्वचा, लघवीची जागा सगळीकडे ते लागतं, म्हणून झोप, मूड, सांधे, केस, डोळ्यांचा कोरडेपणा असं भलतंच काहीतरी एकदम सुरू होतं आणि आपण प्रत्येकासाठी वेगळ्या डॉक्टरकडे जात बसतो.

पहिलं काम: कॅलेंडरवर लिहायला लागा

आजपासून. याला पैसे लागत नाहीत आणि पुढचं सगळं यावरच अवलंबून आहे. माझं कालनिर्णय फ्रिजशेजारी खिळ्याला असतं, त्याला लाल पेन दोऱ्याने बांधलंय. प्रत्येक चौकोनात दुधाचा हिशोब असतोच, त्याच्याच कोपऱ्यात मी खुणा करायला लागले. पाळीच्या दिवशी "पा", पुढे किती पॅड बदलले तो आकडा, गाठी गेल्या तर "ग". दिवसरात्रीत किती वेळा वाफा आल्या, म्हणजे अंगातून एकदम गरम चढून घाम फुटला, तो आकडा "वा" च्या पुढे. झोप लागलीच नाही तर "झो" वर काट. रडू आलं, चिडचिड झाली तर एक ठिपका. त्या वर्षीच्या जूनच्या पानावर ९ तारखेला अजून दिसतं, "दूध दीड, गॅस लावला, पा ८ ग". घरातल्या कुणाला त्या खुणा कळत नव्हत्या, पण तीन महिन्यांनी मी ती पानं सुटी करून डॉक्टरांसमोर ठेवली तेव्हा त्यांनी दोन मिनिटं नुसती बघितली आणि म्हणाल्या, ताई, निम्मं निदान तुम्हीच करून आणलंय. नुसतं "मॅडम फार त्रास होतो" म्हटलं की समोरच्याला काही कळत नाही, आणि आपल्यालाही तिथे बसल्यावर मागची पाळी कधी आली ते आठवत नाही. मोबाईलवर ॲप वापरत असाल तर तेही चालेल, फक्त रोजच्या रोज लिहा.

थांबायचं नाही अशा गोष्टी

दर एक-दोन तासाला पॅड भिजतोय आणि असं काही तास चाललंय, दहा रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठ्या गाठी पडताहेत, पाळी सात दिवसांच्या वर चाललीये, २१ दिवसांच्या आत परत येतेय, दोन पाळ्यांच्या मधे किंवा संबंधानंतर रक्त दिसतंय, यातलं काहीही असेल तर "पाळी जायच्या आधी अशीच होते" हे वाक्य ऐकून घेऊ नका. जाताना पाळी लांबते, कमी होते, चुकते, हे नेहमीचं. पूर आल्यासारखं जाणं हे तपासायचं. माझं हिमोग्लोबिन ८.६ वर गेलं होतं, जिना चढताना धाप लागायची आणि मी म्हणायचे वय झालं. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या वर हवं.

आणि छातीचं. धडधड, घाम हे मेनोपॉजमध्ये होतं हे खरंच, पण छातीत दाब येणं, दुखणं हातात-जबड्यात-पाठीत जाणं, चालताना धाप लागणं, मळमळ आणि थंड घाम एकत्र, असं असेल तर मेनोपॉज असेल म्हणून घरी बसायचं नाही, ताबडतोब दवाखाना. पाळी गेल्यावर बाईचा हार्टचा धोका वाढतो. माझा ईसीजी काढला तो बरोबरच काढला, चूक एवढीच झाली की तो नॉर्मल आल्यावर पुढचा प्रश्न कुणी विचारला नाही.

डॉक्टरकडे जाताना

स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा, कॅलेंडरची पानं, चालू गोळ्यांची पाकिटं आणि जुने रिपोर्ट घेऊन. घरात आई, मावशी, बहीण कुणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर, पायात रक्ताची गाठ, कमी वयात हार्ट अटॅक, खुब्याचं हाड मोडणं असं झालंय का ते आधीच फोन करून विचारून ठेवा, कारण उपचार ठरवताना याला फार महत्त्व आहे.

टेस्टबद्दल एक गोष्ट माहीत असू द्या. ४५ च्या वर वय आहे, पाळी अनियमित आहे, वाफा येताहेत, तर मेनोपॉज ठरवायला एफएसएच वगैरे हार्मोनच्या महागड्या टेस्टची सहसा गरज नसते, कारण हार्मोन रोज वरखाली होतात, आज एक आकडा येतो पुढच्या आठवड्यात दुसरा. ४० च्या आत पाळी बंद पडली असेल तर मात्र एफएसएच करतात, आणि शंका वाटली तर काही आठवड्यांच्या अंतराने परत. खऱ्या उपयोगाच्या टेस्ट म्हणजे हिमोग्लोबिन, थायरॉईडची टीएसएच (थायरॉईड बिघडला तरी घाम, धडधड, पाळीची गडबड, वजन सगळं अगदी असंच होतं), उपाशीपोटी आणि जेवणानंतरची साखर, कोलेस्टेरॉल, बीपी, जास्त जात असेल तर सोनोग्राफी. गर्भाशयाच्या मुखाची तपासणी, म्हणजे पॅप टेस्ट किंवा सरकारी दवाखान्यात ॲसिटिक ॲसिड लावून करतात ती, केली नसेल तर याच वेळी उरकून घ्या. स्तनांची तपासणी आणि मॅमोग्राफी कधी करायची तेही तिथेच विचारा.

पिशवी काढा म्हणाले तर

यावर मी जास्त लिहिणार आहे. मला पहिल्या डॉक्टरांनी पाच मिनिटांत सांगितलं, मुलं झालीत, आता पिशवीचं काय काम, काढून टाका, कॅन्सरची भीती नको. सोनोग्राफीत दोन सेंटिमीटरची एक फायब्रॉईडची, म्हणजे कॅन्सर नसलेली साधी गाठ होती एवढंच. मी घाबरून तारीखसुद्धा घेतली होती. माझ्या नणंदेने हट्टाने दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी अस्तराचा तुकडा तपासायला पाठवला, तो नॉर्मल आला, मग लोहाच्या गोळ्या आणि आत बसवायची हार्मोनची कॉइल दिली. ही आपली नेहमीची तांबी नव्हे हं, तांब्याच्या तांबीने उलट रक्त जास्त जातं, हिच्यातून प्रोजेस्टेरॉनसारखं औषध थोडं थोडं सुटतं आणि अस्तर पातळ राहतं, पाच वर्षं किंवा जास्त चालते. पहिले तीन-चार महिने डाग पडत राहिले, वैताग आला, नंतर पाळी नावालाच उरली. हिमोग्लोबिन वर्षभरात १२ वर आलं. पिशवी माझ्याकडेच आहे.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची गोष्ट २०१९ मध्ये सगळ्यांनी वाचली असेल. एक दिवस कामावर नाही गेलं की मुकादम पैसे कापणार तो खाडा, उसाच्या फडात ना पाणी ना आडोसा, आणि पंचविशी-तिशीतच पिशव्या काढलेल्या. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यात १३ हजारांहून जास्त बायकांची पिशवी काढलेली निघाली. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयं काढली की त्याच दिवशी मेनोपॉज होतो, तोही जोरात, वाफा, झोप, हाडं सगळं एकदम. अंडाशयं ठेवली तरी पाळी जाण्याचं वय अलीकडे येऊ शकतं. तिशीत असं झालेल्या बाईची पन्नाशीत हाडं सत्तरीच्या बाईसारखी होऊ शकतात, आणि तिला कुणी कॅल्शियमची गोळीही दिलेली नसते, याचं मला फार वाईट वाटतं.

कधी कधी पिशवी काढणं खरोखर गरजेचं असतं, कॅन्सर, खूप मोठ्या गाठी, कशानेच न थांबणारं रक्त, पूर्ण बाहेर आलेलं अंग. तेव्हा घाबरू नका. पण होकार देण्याआधी चार प्रश्न विचारा. नेमकं कारण काय? गोळ्या किंवा कॉइलने जमण्यासारखं आहे का? अस्तराची तपासणी केली का? अंडाशयं ठेवणार की काढणार? आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्याच. ज्यांची ४५ च्या आत पाळी गेली किंवा पिशवी आणि अंडाशयं काढली गेलीत त्यांनी आज ना उद्या डॉक्टरकडे जाऊन हार्मोनच्या उपचारांबद्दल आणि हाडांबद्दल जरूर विचारावं, बऱ्याच जणींना नैसर्गिक मेनोपॉजच्या वयापर्यंत हार्मोन देतात.

वाफा आणि घाम

छातीतून मानेकडे, मानेतून टाळूकडे गरम काहीतरी चढत जातं, चेहरा लाल, घाम फुटतो आणि दोन-चार मिनिटांनी तेच अंग गार पडून हुडहुडी भरते. मेंदूत शरीराचं तापमान सांभाळणारी एक जागा आहे, तिचं गिझरच्या थर्मोस्टॅटसारखं काम, इस्ट्रोजेन कमी झालं की ती फार नाजूक होते, अंग जरासं तापलं तरी तिला वाटतं फारच तापलंय आणि ती घाम काढून अंग थंड करायला लागते. म्हणून चुलीपुढे, गॅसपुढे जास्त येतात. हा त्रास वर्ष-दोन वर्षांत जातो असं सांगतात पण अनेकींना सात वर्षांच्या आसपास राहतो, त्यामुळे "सहन करू थोडे दिवस" हा हिशोब चुकतो.

कॅलेंडरवर बघा वाफा कशानंतर येतात. माझ्या संध्याकाळच्या चहानंतर आणि ठेचा खाल्ला की हमखास. चहा बंद नाही केला, कोमट करून प्यायला लागले आणि चारनंतरचा सोडला. भाकऱ्या सकाळी लवकर थापून घ्यायच्या, स्वयंपाकघराची खिडकी उघडी, एक्झॉस्ट चालू, दोन भाकऱ्यांच्या मधे गॅस बंद करून जरा बाहेर येऊन उभं राहायचं. नायलॉन, पॉलिस्टरचे गाऊन काढून टाका, सुती आणि सैल घाला, उशाशी एक कोरडा सुती गाऊन आणि पाण्याचा तांब्या ठेवा म्हणजे रात्री कपाट उघडून झोपमोड होत नाही. वाफ चढतेय असं वाटलं की सावकाश पोटातून श्वास, मिनिटाला सहा-सात, तीन-चार मिनिटं. याने वाफ थांबतेच असं नाही पण जीव घाबरा होतो तो कमी होतो. वजन जास्त असेल तर ते थोडं उतरलं तरी वाफा कमी होतात. तंबाखू, सिगारेट, दारूने वाढतात. आणि मिश्री! आपल्याकडे कितीतरी बायका सकाळी मिश्री लावतात आणि तिला तंबाखू समजतच नाहीत. ती भाजलेली तंबाखूच आहे, तोंडाच्या कॅन्सरचा धोका तर आहेच, हाडांनाही वाईट.

काढे, चूर्णं, गोळ्या याबद्दल प्रत्येकीला कुणी ना कुणी सांगतंच. सोयाबीन, सोया जेवणात खायला काही हरकत नाही, थोडा फरक पडला तर पडला. पण लेबल नसलेली, घटक न लिहिलेली चूर्णं घेऊ नका, काहींमध्ये जड धातू सापडलेत, आणि बीपी, शुगर, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर काहीही घेण्याआधी विचारा.

हार्मोनच्या गोळ्यांची भीती

हार्मोन म्हटलं की पहिलं वाक्य येतं, कॅन्सर होतो. ही भीती आली कुठून तर अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासातून, २००२ मध्ये त्यातला दोन हार्मोन एकत्र देण्याचा भाग मधेच थांबवला आणि जगभर बायकांनी एका रात्रीत गोळ्या सोडल्या. त्यात काय दिसलं होतं तर १० हजार बायकांनी वर्षभर ते औषध घेतलं तर स्तनाच्या कॅन्सरच्या साधारण ८ केसेस जास्त. आणि त्या अभ्यासातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, म्हणजे पाळी जाऊन दहा-बारा वर्षं झालेल्या. नंतर आकडे परत वयानुसार तपासले तेव्हा कळलं की ६० च्या आतल्या, किंवा पाळी जाऊन १० वर्षं झाली नाहीत अशा, बाकी तब्येत चांगली असलेल्या बायकांना खूप त्रास असेल तर फायदा बहुतेक वेळा धोक्यापेक्षा जास्त असतो. वाफांवर याच्याइतकं गुणकारी दुसरं औषध नाही, हाडांनाही याचा फायदा होतो.

पण हे मेडिकलमधून मैत्रिणीच्या चिठ्ठीवर आणायचं औषध नव्हे. स्तनाचा कॅन्सर झालेला असेल, कारण न कळलेलं रक्त जात असेल, पायात किंवा फुफ्फुसात गाठ, पॅरालिसिस, हार्ट अटॅक होऊन गेला असेल, लिव्हरचा आजार चालू असेल तर सहसा देत नाहीत. पिशवी जागेवर असेल तर इस्ट्रोजेन एकटं कधीच नाही, सोबत प्रोजेस्टेरॉन लागतंच, नाहीतर अस्तर जाड होऊन तिथला कॅन्सर होऊ शकतो. गोळीपेक्षा कातडीवर लावायचं जेल किंवा पॅच यात रक्ताची गाठ होण्याचा धोका कमी असतो, हे मुद्दाम विचारा. सुरू केल्यावर तीन महिन्यांनी दाखवायचं, मग दरवर्षी.

ज्यांना हार्मोन चालत नाहीत त्यांना बिनहार्मोनची औषधंही आहेत, डिप्रेशनच्या काही गोळ्या कमी डोसमध्ये, गॅबापेंटिन वगैरे. डॉक्टरांनी अशी गोळी लिहिली आणि घरी येऊन इंटरनेटवर "ही तर डिप्रेशनची गोळी" असं वाचलं तर मला वेडी समजतात का म्हणून फेकून देऊ नका, ती वाफांवरही काम करते.

झोप आणि मन

सकाळी उठून कोवळ्या उन्हात चालणं, झोपायची वेळ एकच, रात्री मोबाईल दुसऱ्या खोलीत, हे सगळं सांगतात आणि ते बरोबर आहे. मला सगळ्यात उपयोग झाला तो झोप लागत नसेल तर अंथरुणात तळमळत न पडण्याचा. वीस मिनिटांत नाही लागली तर उठून दुसरीकडे बसायचं, मंद दिव्यात काहीतरी साधं काम, भाजी निवडा, पेपर वाचा, डोळे जड झाले की परत. नवरा म्हणतो खूप घोरतेस, आणि सकाळी डोकं जड असतं, तर स्लीप ॲप्नियाची, म्हणजे झोपेत मधे मधे श्वास थांबतो त्याची, तपासणी करा, पाळी गेल्यावर बायकांमध्ये तो वाढतो.

मनाचं वेगळं सांगते. शब्द न आठवणं, वर्गात मुलाचं नाव विसरणं, गॅसवर दूध ठेवून विसरणं, मला वाटायचं मला विसरण्याचा आजार लागला. या काळात हे होतं आणि बहुतेकींचं नंतर सावरतं. चिडचिड, उगाच रडू हेही. पण दोन आठवड्यांच्या वर रोज उदास वाटतंय, कशातच रस नाही, जगून काय करायचं असे विचार येताहेत, तर ते "वयाचं" म्हणून सोडायचं नाही, विशेषतः बाळंतपणानंतर किंवा पूर्वी कधी डिप्रेशन झालं असेल तर. सरकारची टेली-मानस हेल्पलाईन आहे, १४४१६, फुकट, चोवीस तास.

ज्याबद्दल आपण बोलतच नाही

वाफा जातात, पण खालचा कोरडेपणा आपोआप जात नाही, उपचार केले नाहीत तर वाढत जातो. जळजळ, खाज, संबंधाच्या वेळी दुखणं, घाईची लघवी, खोकलं-शिंकलं की थेंब जाणं, सारखं सारखं इन्फेक्शन. बायका नवऱ्याला टाळतात, कारण सांगत नाहीत, आणि नवऱ्याला वाटतं हिचं माझ्यावरचं मन उडालं. माझ्या एका मैत्रिणीच्या घरी यावरून चार वर्षं अबोला होता आणि कारण एवढंसं.

साबण, जंतुनाशक, सुगंधी वॉश आत वापरणं आधी बंद करा, साधं पाणी पुरे. संबंधाच्या वेळी पाण्याचं बेस असलेलं जेल मेडिकलमध्ये मिळतं, रोजच्या कोरडेपणासाठी मॉइश्चरायझर वेगळं मिळतं. एवढ्याने भागलं नाही तर डॉक्टर आत लावायची इस्ट्रोजेनची क्रीम देतात, सुरुवातीला साधारण दोन आठवडे रोज, मग आठवड्यातून दोनदा. ती रक्तात अगदी थोडी उतरते म्हणून गोळीइतकी भीती नसते, सारखं होणारं लघवीचं इन्फेक्शनही तिने कमी होतं. स्तनाचा कॅन्सर होऊन गेला असेल तर कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारूनच.

थेंब जात असतील तर व्यायाम. लघवी अडवताना जे स्नायू आवळतो ते आवळायचे, पाच सेकंद धरायचं, सोडायचं, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. पोट, मांड्या, श्वास आवळायचा नाही, आणि प्रत्यक्ष लघवी करताना हे करायचं नाही. फरक पडायला तीन महिने लागतात. आम्ही शिक्षिका शाळेतलं बाथरूम नको म्हणून दिवसभर पाणीच पीत नाही, हे फार चुकीचं करतो, इन्फेक्शन त्यानेच वाढतं.

आणि पाळी चुकतेय म्हणजे दिवस राहणार नाहीत असं नाही. ५० च्या आत पाळी थांबली तर शेवटच्या पाळीपासून दोन वर्षं, पन्नाशीनंतर थांबली तर एक वर्ष काळजी घ्यायची. हार्मोनचे उपचार म्हणजे कुटुंबनियोजनाच्या गोळ्या नव्हेत.

हाडं

हाडं दुखत नाहीत, सांगत नाहीत, एक दिवस बाथरूममध्ये पाय घसरला आणि मनगट मोडलं की कळतं. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच-सात वर्षांत हाडांची घनता २० टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकते. डेक्सा नावाची तपासणी असते, तिचा टी-स्कोअर उणे १ ते उणे २.५ च्या मधे असेल तर हाडं विरळ व्हायला लागलीत, उणे २.५ किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस. लवकर पाळी गेलेल्या, अगदी बारीक, स्टेरॉईड घेणाऱ्या, साध्या पडण्याने हाड मोडलेल्या, किंवा उंची कमी झालीये असं वाटणाऱ्या बायकांनी वयाच्या ६५ व्या वर्षाची वाट न बघता करावी.

कॅल्शियम दिवसाला १२०० मिलिग्रॅम लागतं. मी एकदा बसून हिशोब केला. ६० ग्रॅम पिठाची नाचणीची भाकरी, २०० च्या आसपास. एक ग्लास दूध, साधारण २४०. मोठी वाटी दही, तेवढ्याच्या जवळपास. चमचाभर तीळ, शंभरेक, पण सालासकटचे हवेत, सोललेल्या पांढऱ्याशुभ्र तिळात फार कमी उरतं. राजगिरा, मेथी, शेपू, उसळी, कोकणात काट्यासकट खातात ते बारीक मासे, यातून बाकीचं. पालकात आकडा मोठा दिसतो पण त्यातलं कॅल्शियम अंगाला फारसं लागत नाही. माझा हिशोब पहिल्या दिवशी ४५० वर थांबला होता, कारण मी दूध सगळ्यांना देऊन उरलं तर घ्यायचे. आता माझा ग्लास आधी भरते.

गोळी लागलीच तर कॅल्शियम कार्बोनेट जेवणाबरोबर, एका वेळी ५०० च्या वर नको, लोहाच्या गोळीबरोबर नको, आणि थायरॉईडच्या गोळीपासून चार तास लांब. ड जीवनसत्त्वाची ६० हजार युनिटची पावडर डॉक्टरांनी आठवड्याला एक अशी आठ आठवडे सांगितली की आठच आठवडे, वर्षभर स्वतःच घेत राहणं धोक्याचं आहे. प्रत्येक जेवणात डाळ, उसळ, अंडं, मासा, पनीर असं काहीतरी प्रोटीन हवंच, आमटीच्या पाण्यावर भागत नाही.

नुसतं चालून हाडं आणि स्नायू टिकत नाहीत, वजन उचलावं लागतं. मी पाण्याच्या दोन लिटरच्या बाटल्यांपासून सुरू केलं. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठायचं-बसायचं, भिंतीला हात लावून टाचा उचलायच्या, ओट्याला धरून एका पायावर तीस सेकंद, हे आठवड्यातून निदान दोन-तीन दिवस, आणि चालणं आठवड्याचं १५० मिनिटं भरभर. गुडघे दुखत असतील तर फिजिओथेरपिस्टला एकदा विचारून घ्या. कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या आत ठेवायचा प्रयत्न करा, कारण पाळी गेल्यावर चरबी पोटावर जमते, वाईट कोलेस्टेरॉल वाढतं, म्हणून बीपी, साखर, कोलेस्टेरॉल दरवर्षी.

घरी सांगा

मी एका रविवारी जेवताना सरळ सांगितलं, मला रात्री हे असं असं होतं, मला दोन वर्षं झोप नाहीये. लेक म्हणाली, आई आधी का नाही बोललीस. आमचे हे काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी बेडजवळ टेबलफॅन आणून लावला आणि स्वतः भिंतीकडच्या बाजूला झोपायला लागले. सांगितल्याशिवाय कळत नाही कुणाला.

बारा महिने झाल्यावर

माझी शेवटची खूण ४९ व्या वर्षीची, कॉइल असल्यामुळे पाळी आपोआप बंद की तिच्यामुळे हे ठरवायला डॉक्टरांना थोडं जास्त बघावं लागलं, तुमची कॉइल असेल तर तेही विचारा. बारा महिने कोरडे गेल्यानंतर कधीही रक्त दिसलं, एक थेंब, गुलाबी डाग, चहाच्या रंगाचं पाणी, काहीही, तर त्याच आठवड्यात डॉक्टर. बहुतेक वेळा कोरडेपणा किंवा साधा पॉलिप, म्हणजे अस्तरावरचा छोटा कोंब, निघतो, पण पिशवीच्या अस्तराचा कॅन्सर असाच दिसतो आणि लवकर सापडला तर चांगला बरा होतो. सोनोग्राफीत अस्तर ४ मिलिमीटरच्या वर असेल तर तुकडा तपासतात.

माझ्या आईने ६१ व्या वर्षी दोन महिने हे लपवलं. परकर स्वतःच धुवायची, मशीनला लावू द्यायची नाही, एवढ्यावरून मला शंका आली. विचारलं तर म्हणाली, परत पाळी आली वाटतं, या वयात कुणाला सांगू. सोनोग्राफीत अस्तर ११ मिलिमीटर निघालं, तुकडा तपासला, कॅन्सर होता, पण पिशवीच्या आतच होता. तिची पिशवी मात्र काढली, आणि ती काढायलाच हवी होती. आता ६६ ची आहे, सकाळी देवळापर्यंत चालत जाते, आणि तिच्या वर्षाच्या तपासणीची तारीख माझ्याच कालनिर्णयवर लाल पेनाने लिहिलेली असते.